याचे पाणी कुठे जाते? – संगणकावर डोंगर करायला शिकताना

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या विद्यार्थ्याचे आणि डोंगराचे नाते बरेचसे कागदोपत्रीच असते. स्थलदर्शक नकाशा पुढ्यात घ्यायचा, समोच्च रेषांवरून छेद काढायचा, पेन्सिलीने उतार छायांकित करायचा आणि जर्नलवर सरांची सही पडली की आपल्यापुरता तो डोंगर संपला. मीही त्यातलाच. फरक एवढाच, की माझे गाव अकोले तालुक्यात, अगदी डोंगराच्या कुशीत असल्याने ‘मला डोंगर कळतो’ असा एक गैरसमज मी बरीच वर्षे बाळगून होतो. तो कसा दूर झाला, हे सांगण्यासाठी हा लेख.

विभागाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी दरवर्षी सह्याद्रीची एक प्रतिकृती होते. थर्माकोलचे थर कापायचे, एकावर एक चिकटवायचे, वरून हिरवा रंग आणि लाकडाचा भुसा. यंदा सरांनी सुचवले की प्रतिकृती संगणकावर करून पाहावी. भूरूपे तयार करण्याच्या आज्ञावली आता कोणालाही वापरता येतात. टेराजेन, गाया, वर्ल्ड मशीन ही त्यांतील काही नावे. चित्रपटवाले आणि संगणकीय खेळ करणारे लोक आपापले पर्वत याच साधनांवर घडवतात. मी वर्ल्ड मशीनची निःशुल्क आवृत्ती घेतली. तिच्यात नकाशाच्या आकाराला मर्यादा आहे. परंतु शिकाऊ माणसाच्या चुका मावण्यास ती जागा पुरेशी असते.

आरंभी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे उंचीनकाशा. आलेखाचा कागद डोळ्यांसमोर आणा. त्याच्या प्रत्येक चौकोनात एकच संख्या लिहिली आहे आणि ती संख्या म्हणजे त्या जागेची उंची. संगणक ही संख्या उजेडाच्या रूपात दाखवतो. सखल भाग काळा, शिखर पांढरे, मधले सारे करडे. एवढेच. पडद्यावर फिरवून पाहता येणारा तो भव्य पर्वत वस्तुतः एक करडे चित्र असते. समोच्च रेषांचा नकाशा ज्याने एकदा नीट वाचला आहे, त्याला हे समजायला पाच मिनिटे लागतात. ज्याने नुसते पाठ केले आहे, त्याला मात्र पाच दिवसही पुरत नाहीत. मला तीन लागले.

आता हे चौकोन भरायचे कसे? हाताने भरू लागलो तर पदवी हाती पडेपर्यंत एक टेकडी व्हायची. त्यासाठी गणिताची एक युक्ती आहे. आधी एक मोठी, संथ लाट घ्यायची. समजा चार किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर उंच. तिच्यावर निम्म्या लांबीची व निम्म्या उंचीची दुसरी लाट चढवायची, त्या दोहोंवर आणखी निम्मी तिसरी. असे सात-आठ वेळा केले आणि प्रत्येक लाट थोडी यदृच्छेने वेडीवाकडी ठेवली, की पर्वतासारखे काहीतरी उभे राहते. मोठ्या डोंगराचा खडबडीतपणा लहान दगडातही दिसतो, हे बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने जे सांगितले, त्याचाच हा उपयोग. १९८० साली लॉरेन कार्पेंटर यांनी अशा गणिती पर्वतांवरून विहार करणारा दोन मिनिटांचा चित्रपट दाखवला आणि दोनच वर्षांत तशा पर्वतांचा एक अख्खा ग्रह ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटात झळकला. केन पर्लिन यांनी या लाटा काढण्याची जी रीत १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यासाठी त्यांना १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. वर्ल्ड मशीनमध्ये नवशिक्या पहिल्यांदा जी पेटी उचलतो, तिच्या नावात अद्याप पर्लिन यांचेच नाव आहे. या पेट्यांना तेथे ‘डिव्हाइस’ म्हणतात. एकीतून निघालेली तार दुसरीत जोडायची, दुसरीतून तिसरीत. पाटातून वाफ्यात पाणी सोडावे तसा डोंगर एका पेटीतून पुढच्या पेटीत जातो.

माझा पहिला डोंगर अर्ध्या तासात झाला. खरे सांगायचे तर मी खूश होतो. वसतिगृहातल्या मित्रांनी “हिमालय का रे?” असे विचारले, तो मी गौरवच समजलो. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ते चित्र मोबाइलवर आजीला दाखवले. आजी शाळेत गेलेली नाही. तिचे सारे आयुष्य डोंगराच्या पाण्यावर भात पिकवण्यात गेले. तिने चित्र थोडे लांब धरून पाहिले आणि विचारले, “ह्याचं पाणी कुठं जातं रं?”

मला उत्तर देता येईना. कॉलेजात परतल्यावर प्रथम तेच तपासले. एका शिखरावरून उताराच्या दिशेने खाली येत गेलो, तर थोड्याच अंतरावर एक खळगा आला आणि वाट संपली. दुसरीकडून निघालो; पुन्हा खळगा. माझ्या डोंगरावर असे शेकडो बंद खळगे होते. पाऊस पडला असता तर प्रत्येकात एकेक डबके साचले असते आणि एकाही डबक्याचा दुसऱ्याशी संबंध आला नसता. आपल्या डोंगरात असे सहसा होत नाही. तेथे घळ ओढ्याला मिळते, ओढा नदीला. वरून पाहिले तर झाडाच्या फांद्यांसारखी ती सारी रचना एकमेकांत गुंतलेली असते.

याची एक सोपी परीक्षा आहे. लाटांपासून केलेला डोंगर उलटा करा. म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करा. तो पहिल्यासारखाच दिसतो, कारण त्याच्या शिखरांत आणि दऱ्यांत काही भेदच नसतो. खऱ्या प्रदेशाचा उंचीनकाशा उलटा केला तर मात्र तो तत्काळ विचित्र दिसू लागतो, कारण दऱ्या पाण्याने कोरलेल्या असतात आणि शिखरे ही त्या कोरीव कामातून उरलेली बाकी असते. हे वाक्य भू-आकारविज्ञानाच्या पुस्तकात मी दोनदा अधोरेखित केले असेल. अर्थ मात्र आजीच्या प्रश्नानंतर लागला.

संगणकाच्या जगालाही ही उणीव पूर्वीच जाणवली होती. केन मसग्रेव्ह व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गणिती डोंगरावर पाणी सोडून त्याची झीज करण्याची रीत मांडली. आजच्या आज्ञावलींतील झिजेची पेटी त्याच कुळातील आहे. तिचे काम आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘नदीचे कार्य’ या प्रकरणाबरहुकूम चालते. कोठेतरी पाण्याचा एक थेंब टाकायचा. तो सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने निघतो. वेग वाढला की तळ खरवडतो, ते खनन. खरवडलेला गाळ सोबत नेतो, ते वहन. आणि उतार मंदावून वेग कमी झाला की गाळ खाली टाकतो, ते संचयन. थोड्या अंतराने थेंब संपतो. असे लाखो थेंब सोडले की घळी आपोआप खोदल्या जातात, त्या एकमेकींना मिळतात आणि पायथ्याशी पंख्यासारखे गाळाचे उतार पसरतात. हे पडद्यावर घडताना पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे. परीक्षेत ज्याच्या आकृत्या काढल्या, ते डोळ्यांसमोर घडत असते.

अर्थात नवशिक्याचा हात येथे हमखास सैल सुटतो. मी पाऊस वाढवला, झिजेचा काळ वाढवला, खडक मऊ केला. आणि डोंगराचा पार वापरलेला साबण झाला. दुसरी अडचण अशी, की अनेक आज्ञावलींत झीज ही चौकोनांच्या बारकाव्यावर अवलंबून असते. लहान नमुन्यावर जी घळ रुंद आणि शोभिवंत दिसते, तीच मोठ्या आकारात काढायला गेल्यावर बारीक ओरखडा होऊन बसते. म्हणून माझा सल्ला असा, की पेटीतील आकडे फिरवण्यापूर्वी आपला प्रदेश किती किलोमीटरचा आहे आणि एक चौकोन किती मीटरचा, हे कागदावर लिहून समोर चिकटवावे. प्रमाण हा प्रात्यक्षिकातला सर्वांत कंटाळवाणा धडा आहे, असे मी प्रथम वर्षात म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो.

याच पेटीशेजारी दुसरी एक पेटी असते. तिच्यात पाणी नसते, नुसते कोसळणे असते. उतार ठराविक कोनापेक्षा तीव्र झाला की तेथील सुटा दगडमातीचा भाग खाली घसरवायचा, असा तिचा नियम. सुट्या मुरमाचा ढीग साधारणपणे ३० ते ४० अंशांपलीकडे तग धरत नाही. कड्यांच्या पायथ्याशी दगडगोट्यांचे जे उतार दिसतात, ते असेच बनतात. या पेटीची कळ दाबताना मी दरवेळी थोडा थबकतो. आमच्या डोंगररांगेपासून फार दूर नसलेल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर तशीच रात्र आली. पेटीतला नियम कोरड्या ढिगाऱ्याचा आहे. पावसाने भिजून जड झालेली माती त्याहून कमी उतारावरही सुटते, आणि कधी सुटेल हे ही पेटी सांगू शकत नाही. ती चित्र काढण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यावरून कोणाच्या घराच्या सुरक्षिततेविषयी बोलू नये, एवढे भान भूगोलाच्या विद्यार्थ्याने ठेवायलाच हवे.

आता माझ्या सर्वांत मोठ्या फजितीकडे वळतो. झीज जमल्यावर मी डोंगर एका साध्या चित्राच्या रूपात जतन केला आणि दुसऱ्या आज्ञावलीत उघडला. पाहतो तो काय, उतारांवर सर्वत्र आडव्या पायऱ्या! मला अत्यानंद झाला. दख्खनचा पठारी प्रदेश पायऱ्यापायऱ्यांचा आहे, हे आपण शिकलोच आहोत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि झिजेनंतर त्यांच्या पायऱ्या उरल्या. ‘डेक्कन ट्रॅप’ यातला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आलेला आहे. संगणकाने आपणहून सह्याद्री केला, असे मी सरांना सांगायला धावलो.

सरांनी चित्र शांतपणे पाहिले. म्हणाले, “पायऱ्या छान आहेत. जरा मोज बरं. प्रत्येकीची उंची किती?”

मोजल्या. प्रत्येक पायरी चार मीटरची. खालची चार, वरची चार, समोरच्या डोंगरावरचीही चारच. लाव्हा इतका शिस्तीचा नसतो. कारण असे निघाले, की मी वापरलेल्या साध्या चित्रप्रकारात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत केवळ २५६ छटा मावतात. माझा डोंगर १००० मीटर उंच. त्याला २५५ने भागले की एका छटेला सुमारे चार मीटर येतात. दोन छटांच्या मध्ये उंचीला जागाच नाही, म्हणून पायरी. हा सह्याद्री नव्हता, ही चित्रप्रकाराची मर्यादा होती. सोळा बिटांच्या प्रकारात ६५,५३६ पातळ्या असतात. त्यात तोच डोंगर जतन केल्यावर एका पातळीला दीड सेंटिमीटर आले आणि माझा ‘ट्रॅप’ नाहीसा झाला. प्रत्येक नवशिक्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

पण मग खऱ्या पायऱ्या कशा करायच्या? पायऱ्या पाडणारी पेटी आज्ञावलीत असते. मी ती तारेच्या शेवटी, झिजेच्या पेटीनंतर जोडली. दृश्य हास्यास्पद झाले: घळींच्या आतसुद्धा जिन्याच्या पायऱ्या, जणू ओढ्यावर घाट बांधला आहे. बराच वेळ डोके खाजवल्यावर ध्यानात आले, की मी निसर्गाचा क्रम उलटा केला होता. आधी लाव्हाचे थर, मग पाऊस. पेटी उचलून झिजेच्या अलीकडे आणून जोडली, पायऱ्यांची उंची असमान ठेवली; कोठे जाड थर, कोठे पातळ. मग पाण्याने त्यांना जागोजागी फोडले, कड्यांच्या कडा खाल्ल्या, आणि प्रथमच काहीतरी ओळखीचे दिसले. टणक थराचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र, मऊ थराचा झाडीचा उतार, पुन्हा कडा. या दोन कड्यांमधल्या सपाटीला आमच्याकडे पदर म्हणतात. थर्माकोलचे थर चिकटवणारे आमचे पूर्वसूरी, नकळत का होईना, माझ्या पहिल्या डोंगरापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तरीही सगळा सह्याद्री या साधनात उतरत नाही. आलेखाच्या चौकोनात एकच संख्या मावते, हे आपण पाहिले. म्हणजे एका जागेला एकच उंची. आता रतनगडाचे नेढे घ्या. खडकाला आरपार पडलेले भोक: खाली जमीन, मध्ये हवा, वर पुन्हा खडक. त्या जागेची उंची कोणती लिहायची? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचीही तीच गत. तो नुसता उभा नाही, नागाच्या फणीसारखा आत वळला आहे, त्यामुळे कड्याच्या काठाखाली पोकळी आहे. उंचीनकाशात ती पोकळी भरून निघते आणि कोकणकडा एक सरळ भिंत होऊन राहतो. गुहा, लेणी, टाकी यांनाही तेथे जागा नाही. अशा गोष्टी वेगळ्या आज्ञावलीत घडवून मागाहून बसवाव्या लागतात. मी तो नाद सध्या सोडून दिला आहे.

रंग, ढग, ऊन-सावली यांविषयी मी मुद्दामच लिहीत नाही. त्यांत वेळ फार जातो आणि चुकीचा डोंगर सुंदर दिसू लागतो. उंची मात्र जपून वापरावी. पाच किलोमीटरांत हजार मीटर चढणारा डोंगर आपल्याला छातीवर आल्यासारखा वाटतो, पण त्याचा सरासरी उतार जेमतेम ११ अंश भरतो. पडद्यावर तो बुटका दिसतो म्हणून नवशिका उंची दुप्पट करतो. मीही केली होती. प्रदर्शनात हे करायचे असेल तर खाली तसे लिहावे.

शेवटी कल्पित डोंगर बाजूला ठेवून आमच्याच गावाचे खोरे घ्यायचे ठरवले. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली; दुसरे रडार धरण्यासाठी यानातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढलेला होता. ती माहिती आता कोणालाही विनामूल्य मिळते. साधारण ३० मीटरांवर एक बिंदू. क्यूजीआयएस या निःशुल्क आज्ञावलीतून आमच्या खोऱ्याचा तुकडा कापून सोळा बिटांत जतन केला आणि उघडला, तर समोर निव्वळ काळी पाटी! धारिका बिघडली म्हणून दोनदा पुन्हा उतरवून घेतली. ती बिघडलेली नव्हतीच. पांढऱ्या रंगासाठी ६५,५३५ हा आकडा लागतो आणि आमचा डोंगर १,२०० मीटरचा. म्हणजे उजेड दोन टक्क्यांहून कमी. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची यांच्यामध्ये छटा ताणून बसवल्यावर काळोखातून खोरे वर आले. डोंगराची सोंड, खिंड, पलीकडचे पठार, सारे जागच्या जागी.

ते चित्र मोठ्या कागदावर छापून संक्रांतीला घरी नेले. आजीने बोट ठेवत ठेवत खिंड ओळखली, देवीचा डोंगर ओळखला. मग बोट घराजवळ आणून म्हणाली, “आन् आपला वढा?”

ओढा नव्हता. आमचा ओढा चार-पाच मीटर रुंद. ३० मीटरांच्या चौकोनात तो दिसणार कसा? एका चौरस किलोमीटरला जेमतेम अकराशे बिंदू. शिवाय रडारने काठावरच्या झाडांचे शेंडेही उंचीत धरलेले, त्यामुळे जेथे ओढ्याचा खोलगट भाग हवा, तेथे उलट किंचित उंचवटा आला होता. आमची तीन खाचरे, विहीर आणि पावसाळ्यात शाळेची वाट अडवणारा तो ओढा, यांतले काहीच अवकाशातून नोंदले गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर जीपीएस लावून उगमापासून नदीपर्यंत ओढ्याच्या पात्रातून चालत गेलो. चुलतभाऊ बरोबर होता; जेथे पात्र वळते तेथे थांबून नोंद करायची आणि काठ किती खोल ते काठीने मोजायचे, असे ठरले. मोबाइलची नोंद काही मीटर इकडेतिकडे होते, म्हणून वळणांची जागा मागाहून स्थलदर्शक नकाशाशी ताडून घेतली. कॉलेजात आल्यावर त्या बिंदूंची रेघ जोडली, तिच्या बाजूने काठीच्या मापाइतकी उंची कमी केली आणि वरून थोडा पाऊस सोडून कडा मऊ केल्या. प्रदर्शनात जे खोरे आपण पाहिलेत, त्यात निळ्या रंगाने दाखवलेला ओढा तो हाच. इतर सर्व उंची अवकाशयानाची आहे. तेवढी एक रेघ आमच्या दोघांच्या पायांची.

नवी प्रत पाहून आजीने मान डोलावली आणि वडाच्या झाडाखालच्या वळणावर बोट ठेवले. तेथे डोह आहे म्हणाली, उन्हाळ्यातही आटत नाही, आणि कागदावर तो कोठे दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा तेथे पाणी कमरेच्या वर होते म्हणून काठाने वळसा घातला होता. एप्रिलमध्ये पाणी उतरले की काठी घेऊन पुन्हा जायचे आहे.